तिघी

आमच्या परसात लाल कंपनीची एक कांडी येते,
ती पण गोठ्याच्या कौलाला फोन टेकवून धरला तर.
निळी येते देवळाच्या तिसऱ्या पायरीवर;
दुसरीवर नाही, चौथीवर नाही.
सरकारीचं नाव काढलं की ओमाण्णा म्हणतो,
ती पाव्हणी, आवसेला येते, चहा न घेता जाते.
ओमाण्णाचं रिचार्जचं दुकान जांबोटीच्या नाक्यावर.
त्यानंच दोन सिमांचा फोन दिला, हप्त्यानं.
म्हणाला, वैनी, एक घराला ठेव, एक घाटाला.

माझा माणूस भाजीचा टेम्पो चालवतो.
बेळगावच्या मार्केटात रात्री कोबी, ढबू, मिरची भरायची,
उजाडायच्या आत म्हापशाला उतरायची.
मधे कणकुंबी, मधे चोर्ल्याचा घाट.
अकराला आमच्या फाट्यावर दोनदा हॉर्न मारतो.
थांबत नाही. मिरची थांबू देत नाही.

मग मी फोन लावते.
लागत नाही हे ठाऊक असून लावते.

पहिली कन्नड बाई.
"नीवु करे माडिद चंदादाररु…"
तालुका कचेरीच्या खिडकीमागनं
दाखला उद्या न्या म्हणावं, तसा आवाज.
कळतं, अजून कणकुंबीच्या अलीकडंच आहे.

वारा असला तर डोंगरापल्याडनं
चंदगडचा टॉवर हात लांब करतो,
आणि मराठी बाई येते, शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध,
"आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती…"
हिच्यासाठी सासऱ्यांनी तरुणपणी पाठीवर लाठ्या घेतल्या.
ती आली की फोन हातातनं काढून घ्यायचे,
बघ, आलो का नाही महाराष्ट्रात?
कानाला लावेस्तोवर ती गेलेली असायची.

त्यापुढं कुणीच नाही.
टूं टूं पण नाही. घाटाचं पोट.
तो सांगतो, देवीच्या वळणाला पाच सेकंद मिळतात,
खरं दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात.

दीडच्या सुमाराला तिसरी येते, गोव्याची.
इंग्रजी बोलते. मला त्यातला "नॉट" तेवढा कळतो.
खरं तिघींत तीच गोड.
ती नाही म्हणाली म्हणजे टेम्पो घाट उतरला.
मी दिवा घालवते.

श्रावणात एका रात्री ती आलीच नाही.
दीड, दोन, पावणेतीन.
कौल सोडलं, डोक्यावर खोळ घेतली, देवळाकडं गेले.
तिसऱ्या पायरीवर निंगव्वा आधीच बसलेली,
तिचा गुंडू दुसऱ्या टेम्पोवर क्लीनर.
सरक म्हटलं. सरकली नाही.
सरकलं की जाते गं, म्हणाली,
आणि माझा हात धरून मला मांडीवरच बसवून घेतलं,
पन्नाशीच्या बाईनं चाळिशीच्या बाईला.
आळीपाळीनं लावत राहिलो. तिची निळी, माझी लाल.
कुठली रेघ कुठल्या राज्याची, कोण बघतंय.

सव्वाचारला गोव्याची बोलली.
माझ्या फोनात, मग लगेच निंगव्वाच्या.
दोघींनी स्पीकर लावला.
नॉट, म्हणाली. नॉट, म्हणाली.
निंगव्वानं फोनला हात जोडले
आणि मग म्हणाली, पाय बधिर झालाय, उठ आता.

चौथ्या दिवशी दुपारी
तो पडवीत घोरत होता, पाय कट्ट्याबाहेर लोंबत,
मी खळ्यावर रताळ्यांच्या पोत्याची शिवण उसवत होते.
फोन वाजला. त्याचाच मेसेज.
"झाड पडलंय. गाड्या थांबल्यात. तू झोप."

वर वेळ होती, त्या रात्रीची, एक वाजून बावन्न.

दाभण पोत्यात खुपसून ठेवलं.
पोत्यावर डोकं टेकलं
आणि भर उन्हात, सांगितल्याप्रमाणं,
झोपले.