गेल्या बारा महिन्यांत काही त्रास?

मी तारे मोजायची नोकरी करते.
आकाशातले नव्हेत, गाड्यांना देतात ते. पाचपैकी.
कुओपिओत, गोठलेल्या तळ्याकडे पाठ करून बसलेलं ऑफिस,
कानाला फोन, समोर चौकटी,
आणि दिवसातून साठ वेळा एकच प्रश्न:
गेल्या बारा महिन्यांत गाडीनं काही त्रास दिला?

तज्ज्ञांचं निराळं.
त्यांना गाडी धुऊनपुसून मिळते,
बॅटरी काठोकाठ, पेट्रोल कंपनीचं, मुदत आठ दिवस.
आमचा परीक्षक युरमा सज्जन माणूस,
खोटं अक्षर लिहायचा नाही.
लिहितो, दार लागतानाचा आवाज भरीव आहे.
लिहितो, विजेवरून पेट्रोलवर कधी गेली ते कळतसुद्धा नाही.
खरंच असणार.
बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर
कुणी घोरून दाखवत नाही.

मग उरतात मालक.
वांताचा एक विक्री अधिकारी म्हणाला, त्रास? छे!
चार्जिंगची केबल कशी वाटली?
डिकीत असेल, म्हणाला, पिशवी फोडली नाही अजून.
गाडी ऑफिसची, करात सूट,
आणि बॅटरीचं ओझं वाहत इंजिन एकटंच राबतंय दोन वर्षं.
मी लिहिलं: बॅटरी, तक्रार नाही.

शाळेत शिकवणाऱ्या हिल्क्काबाई,
रोजचे अकरा किलोमीटर, तेही विजेवर.
इंजिन कसं आहे?
मेपासून ऑक्टोबरपर्यंत भेट नाही हो आमची, म्हणाल्या,
टाकीतलं पेट्रोल बहुतेक शिळं झालं असेल.
मी लिहिलं: इंजिन, उत्तम.

आणि ईसाल्मीचे तायस्तो.
पाच, म्हणाले. पाचपैकी पाच.
मागून मुलीचा आवाज,
'बाबा, सांगा की! तीनदा उचलून न्यावी लागली!
उणे अठ्ठावीसला जंगलाच्या रस्त्यात
दोन्हींपैकी एकही सुरू होईना!'
म्हातारा थांबला. फोनवर हात ठेवल्यासारखी खरखर.
मग हळूच, 'रंग आनेलीनं निवडला होता.
पहिल्या बर्फाआधी गेली ती.
पाच लिहा.'

नियम साधा आहे: मालक म्हणेल ते.
मी पाच लिहिलं.

वसंतात तक्ता छापून आला.
त्या गाडीपुढे चार पूर्णांक दोन,
ठळक अक्षरात, जणू तराजूत तोलून काढलेलं.
पूर्णांकाच्या पुढच्या त्या दोनात
एक न फोडलेली पिशवी आहे, थोडं शिळं पेट्रोल,
आणि गडद हिरवा रंग आवडणारी एक बाई.
युरमाचं भरीव दारही असेल कुठेतरी.
खोटं कुणीच बोललेलं नाही,
हीच तर पंचाईत.

परवा मेहुणा, रेइमा, तेच अंक घेऊन आला.
जुनी घेतोय, म्हणाला, तीन वर्षांची. ठेवू का विश्वास?
मी कॉफी ओतली. त्याला म्हटलं,
तारे राहू देत.
थंडीत जा, पहाटे, गाडी रात्रभर बाहेर उभी असताना,
आणि विकणाऱ्याला सांग, आधी डिकी उघड, केबल दाखव.
मळलेली असली, पीळ पडलेली,
प्लगच्या कडा घासलेल्या,
तर पुढचं बोल.

तो हसला. हे तुमच्या तक्त्यात का नाही?

तायस्तोंची केबल कशी असेल
हे मलाही विचारायचं होतं.
तशी चौकट नव्हती.