हातचा

ढोलबंदीचे तीस दिवस.
पेरलंय ते निवांत रुजू द्यावं म्हणून
बुकोमभर ढोल नाही, कर्णा नाही,
रविवारी चर्चमध्येसुद्धा नुसत्या टाळ्या.

आमच्या जिमची घंटा म्हणजे
गॅसचं रिकामं सिलिंडर आणि एक सळई.
तिलाही ओदोई कोचनी चिंध्या गुंडाळल्यात.
राऊंड सुरू होतो तेव्हा
कुणी दार ठोठावून आत यायला कचरावं, तसा आवाज.
"तुमचाही ढोल बंद," ते म्हणतात.
"डोक्यावर वाजवायचं नाही. बरगड्यांवर, थोपटल्यासारखं.
लांते, ऐकतोयस ना?"

लांते नेहमी ऐकतो. मग मारतो.

ओदोई कोचचा 'र' जिभेवरून घसरतो हल्ली.
पाण्याची पिशवी दातांनी फोडतात
आणि अर्धं पाणी शर्टावर.
एकोणतीस सामने, सगळे तोंडपाठ.
सकाळी जेवलो का, ते मात्र आम्हाला विचारतात.
एकदा माझ्या मुठींना पट्ट्या बांधता बांधता म्हणाले,
"मला सामन्यात नाही गं कुणी मारलं.
तिथे पंच असतो, डॉक्टर असतो, बायका ओरडतात.
मला मित्रांनी मारलं.
मंगळवारी, गुरुवारी. सरावात.
आणि मीही त्यांना.
फार जीव होता आमचा एकमेकांवर."

सोळा औंसांचे ग्लोव्हज. गालांना व्हॅसलीन.
माऊथगार्ड दातांत, म्हणजे बोलणं संपलं;
नाकात फक्त समुद्र आणि धुरी दिलेले मासे.

मी आईच्या केंकेचा हिशेब ठेवते.
सात नि आठ पंधरा, पाच मांडायचे, हातचा एक.
तो एक कुठे दिसत नाही,
विसरला तर सगळी बेरीज खोटी.
माझ्या उजव्या हाताला हे शिकायला दोन वर्षं लागली:
लांतेच्या कपाळापाशी पोचायचं,
पोचलोय हे त्याला कळू द्यायचं,
आणि खांदा, कंबर, टाच
हातचे ठेवायचे.

दुसऱ्या राऊंडला त्याचा डावा हात खाली आला.
सापळा वाटला. लबाडच आहे तो.
मी जॅब दाखवला.
तो परत गेल्यावर त्याची पापणी हलली.
पुन्हा दाखवला. पुन्हा उशिरा.
हेडगार्डच्या आत डोळे
शटर अर्धवट ओढलेल्या दुकानासारखे.
जबड्यापर्यंतची वाट मोकळी होती,
इतकी मोकळी की माझी टाच आपोआप उचलली.

मी दोन्ही हात खाली घेतले.
त्याने मारलं. नाकावर, सणसणीत.
मी माऊथगार्ड थुंकला. म्हटलं, बस्स.

"घाबरली! द्रोमो घाबरली!"
बंदीच्या महिन्यात, एवढ्या मोठ्याने.

कोच दोरांखालून आत आले.
"काल काय झालं?" काही नाही.
"परवा?"
परवा, कुठल्याशा दुसऱ्या जिममध्ये,
पैसे देत होते म्हणून, एका हेवीवेटबरोबर तीन राऊंड.
तेव्हापासून उजेड टोचतो.
पण चोवीस तारखेला सामना आहे, कोच,
बहिणीची फी आहे, कोच.

ओदोईंनी त्याच्या ग्लोव्हजची नाडी सोडायला घेतली.
बोटं थरथरत होती, बराच वेळ लागला.
तेवढ्यात लांतेने रडून घेतलं.
"तीस दिवस," ते म्हणाले.
"डोकं पेरलंय समज."

अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही.
संध्याकाळी केंके घ्यायला यायचा,
पैसे आईच्या हातात, नजर गटारात.
आज उभा राहिला,
डोळ्यांवर हात धरून.
मी आमच्या बल्बवर फडकं टाकलं.
त्याने माझं नाक बघितलं. नीट, वेळेवर.
म्हणाला, "शितो घाल की जरा,
किती हात आखडतेस."