माप

पाचोऱ्यात पस्तीस वर्षं मी लोकांची मापं घेतली,
कंबर, सीट, उंची.
आज जळगावात, वॉर्डातल्या पंख्याखाली,
मुश्ताक माझ्या खुंटाला टेप लावतो.
"ढिला शे, भाऊ," मी म्हणतो.
तो हसतो. पुन्हा लावतो. वहीत लिहितो: एकतीस.

वही देवकाची, शंभर पानी, मागे पाढे छापलेले.
सिस्टर तिच्यात साखर लिहिते,
डॉक्टर टाक्यांचं काहीतरी, जे सिस्टरलाच लागतं,
फिजिओवाली पोर लिहिते:
पालथं झोपणे, वीस मिनिटं. गुडघ्याखाली उशी नको.
देवका लिहिते: कळण्याची भाकरी, एक. केळं नाही.
(यावलच्या व्याह्यांनी धाडलेला घड
तिने खाटेखाटेला वाटून टाकला.)

रात्री तो पाय, जो नाही, पायंडल मारतो.
तळवा तापतो, अंगठा वळतो,
कुणाची तरी पँट अर्धी राहिलीय.
"जो नही, तोच दुखस," मी पुटपुटलो,
तर रात्रपाळीच्या बाईनं तेही टिपलं,
वेळेसकट, सव्वादोन.
सकाळी सगळ्यांना ठाऊक.
गोळी बदलली. पोरीनं आरसा आणला,
मांड्यांच्या मधे उभा धरला.
आरशात डाव्याचा उजवा झाला
आणि मी त्याला हळूच सांगितलं,
थांब आता. दुकान बंद आहे.

एकतीस, तीस, साडेएकोणतीस.
मुश्ताक म्हणतो, सूज अजून उतरेल,
पाय बनवायची घाई नको.
बरोबर आहे.
आत दाब ठेव, भाऊ, मी म्हणतो,
गिऱ्हाईक बारीक होतंय.