छातीच्या उंचीवर

नियम असा:
जमिनीपासून एकशे सदतीस सेंटिमीटरवर
टेप गुंडाळायचा.
हिला म्हणायचं छातीची उंची.
कुणाची छाती, ते फॉर्मवर नाही.
माझ्या ती गळ्याशी येते,
जानू झोरेला मात्र नेमकी.

चांदोलीच्या वरच्या अंगाला
धनगरवाड्याची जागा त्यानंच दाखवली,
नाहीतर मी चालत गेले असते
सरळ एका चुलीवरून.
तीन दगड अजून तोंडाला तोंड लावून,
मधून भोमा उठलाय. घेर एकसष्ट.
म्हशींच्या गोठ्यात जांभूळ, अंजनी, पिसा,
आणि वेलींचं असं जाळं
की कोयताही थांबून विचार करतो.
"हे नाचणीचं वावर," जानू म्हणाला
आणि हातानं हवेतच बांध काढला.
अठ्ठावीस वर्षं
दरीतलं जुनं रान
पाखरांच्या पोटातून येत राहिलं इथवर.
पाऊस घरचा, माती घरची,
बी द्यायला शेजार होता.

"रान माघारी आलं," मी म्हटलं.
"त्याला कुणी ठराव मागितला नाही,"
एवढंच बोलून तो टेपचं टोक धरून
पुढच्या झाडाशी उभा राहिला.

पुढचा आठवडा जत.
जिल्हा तोच, टेप तोच, फॉर्म तोच.
मेहबूब शिकलगार आठ वर्षं टँकरनं पाणी घालतोय
सरकारी कडुलिंबांना.
नावं ठेवलीत का, विचारलं,
तर लाजून म्हणाला, नंबर आहेत.
एक्केचाळीस नंबर माझ्या कमरेला लागला.
तो सगळ्यांत उंच.
छातीच्या उंचीवर
नुसता वारा,
त्याला टेप कसा गुंडाळायचा?

तक्त्यात शून्य, शून्य, शून्य.
मग मेहबूबनं ओठांवर बोट ठेवलं
आणि कुसळीच्या बुडाशी दाखवलं
वाटीएवढं घरटं, चंडोलाचं.
तीन अंडी, माळाच्याच रंगाची.
त्याची आई इथं गवत कापायला यायची,
तिची आईही.
झाड तेव्हाही नव्हतं,
आणि कुणी त्याला उजाड म्हणत नव्हतं.
"पुढल्या महिन्यात आणखी खड्डे मारणारेत,
वन करायचंय म्हणे,"
तो हळू बोलला, पाखरू उठू नये म्हणून.

सांगलीत साहेबांना एकच आकडा हवा होता.
सरासरी काढा, म्हणाले, जिल्ह्याची.
काढली.
आता हे सरासरीचं झाड
मी उभं कुठं करू?
विट्याच्या स्टँडवर? तासगावात
कुणाच्या द्राक्षांच्या मांडवात?
त्याला पाऊस कुठला लावू?

शेरा या रकान्याला
दोन बोटं जागा असते.
मी लिहिलं: नाचणी.
खालच्या ओळीत: तीन अंडी.

साहेबांनी दोन्ही खोडलं.
पेन्सिलीनं.
पेन्सिलीनं, हे एक बरं.