नावाची पट्टी

एप्रिल संपत आला तेव्हा लोरेन थिबोडोनं पाकीट दिलं.
गॅरेजच्या उत्तरेला बर्फ अजून मळकट होऊन पडलेला.
आत तीन बिया, करड्या,
अंगावर वाघाच्या कातड्यासारख्या रेघा.
पाकिटावर छापलेलं: फेमिनाइज्ड.
म्हणजे काय गं?
म्हणजे सगळ्या मुलीच निघणार, ती म्हणाली, हमी आहे.
म्हणून तर दुप्पट पैसे पडतात.

मी ओट्याला हात टेकून हसले,
इतकी, की तिला वाटलं घरून ओढूनच आलेय.

पूर्वी म्हणे निम्मे नर निघायचे.
दिसला की उपटून टाकायचा,
नाहीतर फुलाफुलात बी धरतं, वर्ष वाया.

हे ऐकत मी उभी, स्कौहीगनमध्ये,
केनेबेकच्या काठी, हातात तिचा मग.
हिला कुठून सांगायला सुरुवात करू,
माण तालुक्यात चौथी मुलगी झाली
त्या दिवशी घरात गूळसुद्धा फोडला नाही,
आणि बाराव्याला आत्यानं कानात कुर्रर्र करून
जे सांगितलं, तेच पुढे पासपोर्टवर आलं.

मटकीला मोड आणतात तशा बिया फडक्यात बांधल्या.
तिसऱ्या दिवशी शेपट्या.

लोरेनचा नातू ड्वेन शिकलेला आहे यातलं.
तो सांगतो, धडधाकट मादी घ्यायची,
तिच्यावर चांदीचं पाणी मारायचं.
ती गोंधळते, नराची फुलं धरते,
त्या परागानं दुसरीला बी.
बाप असा कुणी नाहीच यांना.
आईनं शिंगणापूरला महादेवापुढे
तळहाताएवढा चांदीचा पाळणा वाहिला होता,
मुलगा होऊ दे म्हणून.
झाला. आता साताऱ्यात असतो, गुडघे दुखतात त्याचे.

जातीचं नाव इंडिका.
मला आठवली त्याची पहिली गाडी,
पांढरी, डावं दार न लागणारी.
पण झाड बघितलं आणि पटलं:
बुटकं, पसरट, पानं रुंद, उघडलेल्या पंजासारखी,
वाऱ्यात हलत नाही फारसं.
आमच्या घरातल्या बायकांची ठेवण.

ऑगस्टात रात्री लांबल्या तसं
लोरेननं पोर्चचा दिवा बंद करायला लावला.
काळोख मोडला की मादी बिथरते,
कुठेतरी एक नराचं फूल काढते स्वतःच्याच अंगावर.
महिनाभर मी चाचपडत दार उघडलं.
पांढरे केस फुटले फुलांना, मग तांबूस.
वास असा: पावसात भिजलेली घोंगडी, कापूर,
आणि कुठेतरी खाली पडलेला पेरू.

मेनचा कायदा म्हणतो, प्रत्येक झाडाला पट्टी हवी,
वाचता येईल असं नाव, लायसन्सचा नंबर.
न पुसणाऱ्या मार्करनं काठीवरच्या पट्ट्यांवर लिहिलं
तीनदा,
नकुसा. नकुसा. नकुसा.
इतक्या वेळा सलग कधी लिहिलं नव्हतं,
शाळेत शिक्षा म्हणूनही नाही.

अर्थ काय याचा, लोरेननं विचारलं.
चाळीस वर्षांत इथे कुणी विचारलं नव्हतं.
नको होती ती, मी म्हटलं.
ती खताच्या ढिगाकडे बघत राहिली.
तिथे एक टोमॅटो उगवला होता, कुणी न लावता.
अशाला आम्ही व्हॉलंटियर म्हणतो, ती म्हणाली,
आणि तोडून दिला मला एक.
आंबट होता. मिठाशिवाय जाईना.

ऑक्टोबरच्या पहिल्या दहिवराआधी कापलं सगळं.
न्हाणीघरात दोरीवर उलटं टांगलं,
आठवडाभर मी शेजारी आंघोळीला.
लोरेनचं खुब्याचं दुखणं आता रात्री
दोन-तीन तास तरी गप्प असतं.
मी एकदाच ओढली, खोकले,
आणि फ्रिजमधला सगळा दहीभात संपवला.

पट्ट्या काढायच्या राहिल्या.
नोव्हेंबरात बर्फ पडला तेव्हा
कुंड्या बुडाल्या, काठ्या तेवढ्या वर.
पोस्टमन ग्लेन टोपी काढून थबकला.
मांजरी पुरल्यात का इथे, त्यानं हळूच विचारलं,
तिघींचं नाव एकच कसं?