उजवं दार

सोहारच्या सनाइयात दुपारी पत्र्याला हात लावायचा
तर आधी ओलं फडकं टाकावं लागतं.
खमीसची डॅटसन, अठ्ठ्याऐंशीची.
उजवं दार. आपल्याकडे तिथं ड्रायव्हर बसतो,
इथं दुसरं कुणीतरी.
त्याची किल्ली हरवून किती वर्षं झाली
हे त्यालाही सांगता येईना.

"नवं कुलूप नको. जुन्यालाच
इंजिनाची किल्ली ओळखायला शिकव."

काचेचा दांडा काढला, पुठ्ठा सोडवला.
नालेसारखी क्लिप टणकन उडाली वाळूत,
अर्धा तास शिव्या घालत तिलाच शोधलं.
दाराच्या पोटातून निघालं ते एवढंच:
ओंजळभर रेती, खजुराच्या बिया,
लहान पोरीची लाल केसपिन.
खमीसनं ती खिशात टाकली.
माझे हात ग्रीसनं माखलेले. काही विचारलं नाही.

कुलपात पितळी पात्या, नखाएवढ्या,
प्रत्येकीमागं केसाएवढी स्प्रिंग.
किल्ली घातल्यावर जी डोकं वर काढेल
ती बदलायची, मापाची नसेल तर कानशीनं घासायची,
श्वास रोखून. शिंक आली की गेली स्प्रिंग.
चौथी हट्टी. तिला तीनदा समजावलं.

मग फिरली.
खमीसनं कुलूप लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.
"गुरुवारी मस्कतहून येतेय," म्हणाला.
कोण, ते नाही.
उजवीकडून आत शिरला
आणि बसून राहिला तिथंच,
स्टिअरिंग नसलेल्या बाजूला,
काच खाली न करता, एवढ्या उन्हात.

अंगठ्याला चिकटलेल्या दोन जुन्या पात्या
मी डबीत टाकल्या.
बिल अजून लिहायचं होतं.