तळघरातला अहवाल

वार्षिक अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद,
मुखपृष्ठावर रिलेच्या चौघी, चौघींचेही दात दिसताहेत.
आत आकडे: विभागातली तीन विजेतेपदं,
एकवीस विद्यापीठ-विक्रम, चारशे बारा देणगीदार.
बरोबरच असणार.
मी खाली तळघरात असते, ड्रायर नंबर दोनच्या शेजारी.
फिरताना तो खोकतो.

माझ्याकडेही वर्ष आहे, पण ते डागांचं.
ऑगस्टचं गवत गुडघ्यांवर, हट्टी,
ऑक्टोबरचा चिखल, तो वाळू द्यावा लागतो आधी,
नव्या मुली घाईने ओला घासतात आणि पसरवून ठेवतात.
रक्त थंड पाण्यात. हे मला कुणी शिकवलं नाही,
तीन मुलगे वाढवले की आपोआप येतं.

होदानचा डोक्याचा रुमाल मी हाताने धुते.
काळा, कडेला बारीक हिरवी पट्टी.
दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या,
आणि तिची आई शेवटच्या वळणावर कुंपणाला धरून
पंचवीस वेळा तेच ओरडते, सोमाली भाषेत.
मला शब्द कळत नाहीत. सूर कळतो:
पळ गं. आणि जपून.

अहवालात पान अकरावर फोटो आहे, एप्रिलचा.
आदल्या रात्री हॅलोरन फॉल्सवर नऊ इंच बर्फ पडलं
आणि पहाटे पाचला लोक फावडी घेऊन आले, न बोलावता.
बेकरीवाली मार्लिस, बँकेतला तो उंच माणूस,
दंतवैद्य, शाळेची बस चालवणारे दोघे भाऊ,
जे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून एक आतून, एक बाहेरून.
दुपारपर्यंत सहाच लेन मोकळ्या झाल्या.
शर्यती सहांवर झाल्या.
सातवी-आठवी पांढरीच राहिली, कडेला, 
जणू कुणीतरी येणार होतं आणि उशीर झाला होता.
फोटोत त्या दोन कापल्यात.

आणि ऑर्विल टोस्ट्रूड. वय एक्क्याऐंशी.
दरवर्षी चाळीस डॉलर, दोन विसाच्या नोटा, पाकिटात घडी न घालता.
त्याच्या स्टॉपवॉचचं बटण अडकतं,
सुरू व्हायला सेकंदभर तरी घेतं,
त्यामुळे त्याच्या हिशेबी आमची सगळीच पोरं विक्रमवीर.
शर्यत संपली की धापा टाकणाऱ्या पोराकडे तो जातो,
तळहात पुढे करून आकडा दाखवतो.
चार वर्षांत एकानेही त्याला घड्याळाबद्दल सांगितलं नाही.
अडथळ्यांच्या शर्यतीत पाण्यात पालथा पडलेला डेव्हिन,
शेवटून पहिला, कपाळाला शेवाळ,
त्यानेही वाकून पाहिला तो आकडा
आणि म्हणाला, थँक यू, सर.
ती जर्सी दोनदा धुतली. तळ्याचा वास जात नव्हता.

देणगीतून नवा स्कोअरबोर्ड आला,
रात्री महामार्गावरून दिसतो म्हणतात.
ड्रायरसाठी मी दोनदा अर्ज केला होता.
असो. स्कोअरबोर्ड सुंदर आहे. मी पण जाऊन पाहिला.

मे महिन्यात एका ट्रॅकपँटच्या खिशात
कागदाचा लगदा सापडला. उलगडला, पाइपवर वाळवला.
शाई सगळी वाहून गेलेली, एवढंच उरलं होतं:
आणखी दोन
सेकंद, की फेऱ्या, की वर्षं, कळत नाही.
भिंतीला लावून ठेवलाय. अजून कुणी मागायला आलं नाही.

शेवटच्या पानावर विनंती आहे,
काही चूक आढळल्यास कृपया कळवावे.
तर कळवते:
पान तीस, सगळ्यात बारीक अक्षर, डावा रकाना.
टोस्ट्रूडमधला ट गळलाय, मधला.
पुढच्या वर्षी नीट लिहा, तो वाचतो.
भिंग घेऊन बसतो, आणि त्याला घाई नसते.

बाकी, सतरा मोजे माझ्याकडे आहेत,
एकाचीही जोडी नाही.
सोमवारपासून खिडकी उघडी असेल.